नुकतंच बांधलेलं इंजिन डिपस्टिक (तेलाची लेव्हल बघायची पट्टी) वर ढकलतंय, क्रँककेसमध्ये (पिस्टनखालच्या पोकळीत) एवढं प्रेशर कुठून येतंय?

हातचं_काम (धागाकर्ता)

मंडळी, मदत हवीये. लांबलचक लिहितोय, पण अर्धवट माहिती दिली की उलटसुलट प्रश्न येत राहतात, म्हणून सगळं एकदाच टाकतो.

चार सिलिंडर पेट्रोल, फ्युएल इंजेक्शन, टर्बो नाही. मूळ बोअर ७५ मिमी. दोन लाख किलोमीटरच्या वर चाललेलं इंजिन, तेल प्यायला लागलं होतं. ब्लॉक ०.५० मिमी ओव्हरसाइजला बोअर आणि होन (भिंतीवर बारीक रेघा मारून) करून घेतला, नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवी बेअरिंगं, व्हॉल्व्ह ग्राइंड, व्हॉल्व्ह सील नवे, हेड पॅकिंग नवं. बोअरिंग बाहेरून करून आणलं, बाकी जुळणी सगळी माझ्या हातची, आणि पूर्ण इंजिन बांधायची माझी ही पहिलीच वेळ.

इंजिन पहिल्या स्टार्टला लागलं, आवाज छान, ऑइल प्रेशर छान. ३५० किमी झालेत. आता त्रास असा की साडेतीन हजार आरपीएमला पंधरा-वीस मिनिटं चालवली की डिपस्टिक दोन बोटं वर आलेली दिसते, टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) कडेनं तेलाचा घाम, आणि फ्लायव्हीलकडच्या सीलमधून तेल गळतंय. ते सील खराब आलं असेल म्हणून गिअरबॉक्स उतरवून दुसरं टाकलं, शंभर किमीत परत तेच. आयडलला ऑइलचं झाकण सैल करून नुसतं ठेवलं तर ते वर उडतं, खडखड वाजतं.

कॉम्प्रेशन घेतलं, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून: १६५, १६८, १६०, १६६ पीएसआय. पीसीव्ही व्हॉल्व्ह (क्रँककेसमधला गॅस ओढून घेणारा) नवा आहे, हलवला की वाजतो, रबरातून बाहेर ओढला आणि बोट लावलं की जोरात खेचतो. म्हणजे ब्रीदिंगचं काम ठीक आहे आणि रिंगाच गॅस पास करतायत असं माझं मत झालंय. रविवारी इंजिन परत उतरवायचं ठरवलंय. रात्री झोप नाही लागत हो, तीन महिने सुट्टीचा एकेक दिवस घालून बांधलंय. उतरवण्याआधी अजून काय बघू?


टॉर्कपाना

रविवारी उतरवू नका. एवढंच आधी सांगतो, बाकी सविस्तर संध्याकाळी लिहितो. तेलाची लेव्हल मात्र आत्ताच बघून ठेवा, सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटांनी. नवीन फिल्टर, नवीन तेल, पहिल्यांदा भरताना एखादा लिटर जास्त गेला तर क्रँक तेलात आपटून फेस करते आणि मग लक्षणं अशीच दिसतात.


हातचं_काम

लेव्हल बघितली. वरच्या खुणेच्या किंचित खाली. बरोबर आहे.


सहावा_गिअर

माझ्या मते सील बसवताना चूक होतेय. शाफ्टवर जुन्या सीलची चर पडलेली असते, नवीन सील त्याच चरीवर बसलं की गळणारच. सील दोन मिमी आत किंवा बाहेर सरकवून बसवा आणि ओठाला तेल लावायला विसरू नका.


जुना_बोअर

चर पडलेली असते हे खरं, पण सहावा_गिअर, डिपस्टिक वर येतेय ना त्यांची, ती काही सीलमुळे येत नाही. सीलचं काम तेल अडवायचं, आतून हवेनं रेटा दिला की कुठलंही सील हार मानतं. आधी प्रेशर, मग सील. नाहीतर गिअरबॉक्स तिसऱ्यांदा उतरेल.

हातचं_काम, मी बोअरिंग-होनिंगचं काम बरीच वर्षं केलंय. मला तीन गोष्टी सांगा. एक, रिंगांचं गॅप (रिंगेच्या दोन टोकांमधली फट) प्रत्येक सिलिंडरमध्ये घालून फिलर गेजनं मोजलंत का, आणि किती आलं? दोन, दुसऱ्या रिंगेवरची खूण वरच्या बाजूला होती हे नक्की आठवतंय का? तीन, रिंगांचं पाकीट ०.५० चंच होतं ना? हे तिसरं बावळट वाटेल पण मी हे प्रत्यक्ष बघितलंय. अर्धा मिलिमीटर मोठ्या बोअरमध्ये स्टँडर्ड रिंग घातली की बोअरचा घेर ३.१४ गुणिले ०.५ म्हणजे १.५७ मिमीनं वाढलेला असतो आणि तेवढंच गॅप रिंगेत जास्त पडतं. दीड मिलिमीटरची फट प्रत्येक सिलिंडरला, मग काय होणार.


हातचं_काम

काका, गॅप मोजलं होतं, वही समोर ठेवून लिहितोय. वरची रिंग चारही सिलिंडरला ०.२८ ते ०.३२ मिमी, दुसरी ०.३५ ते ०.४०. रिंग उलट्या पिस्टननं ढकलून सरळ बसवून मोजलं. पाकीट ०.५० चंच, पिस्टनवरही ०.५० कोरलेलं आहे. दुसऱ्या रिंगेची खूण वर होती असं वाटतंय, पण तीन नंबरचा पिस्टन रात्री उशिरा बसवला, त्याचं शपथेवर नाही सांगू शकत.


जुना_बोअर

गॅप उत्तम आहे. ७५ च्या बोअरला तेवढंच हवं. आणि दुसरी रिंग उलटी बसली तरी मुख्यतः तेल वर ओढलं जातं, निळा धूर येतो. तुम्ही धुराबद्दल काही लिहिलं नाहीत, म्हणजे नसावा. मला तरी हे रिंगेचं पूर्ण प्रकरण वाटत नाही.


टॉर्कपाना

आलो. जरा मुळापासून लिहितो कारण धागा नंतर दुसरं कोणी वाचेल त्यालाही उपयोग होईल.

कुठल्याही इंजिनमध्ये थोडा गॅस रिंगांजवळून खाली उतरतोच, ज्याला आपले मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. रिंगेला गॅप आहे म्हणजे गळती आहे. कोऱ्या इंजिनमध्येही आहे. हा गॅस खाली साठून राहू नये म्हणून दोन वाटा दिलेल्या असतात, एक पीसीव्ही व्हॉल्व्हमधून इनटेक मॅनिफोल्डकडे, दुसरी ब्रीदर पाइपमधून एअर फिल्टरकडे. आयडलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम भरपूर, तेव्हा पीसीव्ही गॅस ओढून घेतो आणि ब्रीदरमधून उलट ताजी हवा आत येते. ऍक्सिलरेटर पूर्ण दाबला की मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम जवळपास संपतो आणि गॅस सगळ्यात जास्त नेमका तेव्हाच तयार होतो, त्या वेळी तो ब्रीदरमधून उलट्या दिशेनं एअर फिल्टरकडे जातो. म्हणजे ब्रीदर पाइप दोन्ही दिशांना काम करतो. अगदी जुन्या गाड्यांत नुसती एक नळी खाली रस्त्याकडे सोडलेली असायची, गॅस थेट हवेत. १९६१ पासून कॅलिफोर्नियातल्या नव्या गाड्यांना पीसीव्ही बसू लागला आणि मग तो सगळीकडे आला.

आता तुमच्या इंजिनमध्ये प्रेशर आहे त्याची कारणं दोनच प्रकारची असू शकतात. गॅस प्रमाणाबाहेर तयार होतोय, किंवा गॅस नेहमीइतकाच आहे पण बाहेर पडायची वाट बंद आहे. झाकण उडतंय, डिपस्टिक उडतेय, सील गळतंय, ही लक्षणं दोन्हीत सारखीच दिसतात! इंजिन उघडलं की पहिल्याचं उत्तर मिळतं, दुसऱ्याचं उत्तर इंजिन न उघडता मिळतं. म्हणून दुसरं आधी.

पीसीव्ही हातात धरून खेचतो हे तुम्ही बघितलंत, पण त्यानं एवढंच कळलं की मॅनिफोल्डपासून व्हॉल्व्हपर्यंतची नळी मोकळी आहे. व्हॉल्व्हपासून क्रँककेसपर्यंतचं कळलं नाही.

हे करा. पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्या, दोन-तीन मीटर, यूच्या आकारात फळीवर बांधा, निम्मी रंगीत पाण्यानं भरा. एक टोक इंजिनला, दुसरं उघडं. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीत जेवढे मिलिमीटर फरक तेवढं प्रेशर, १०.२ मिमी म्हणजे १ मिलिबार. पाणी फार नाचलं तर नळीत स्पंजचा छोटा तुकडा कोंबा. इंजिनकडचं टोक उंचावरून न्या म्हणजे व्हॅक्यूम आला तर पाणी इंजिनात जाणार नाही.


नवशिकी

प्रश्न विचारते, बावळट असेल तर माफ करा. नळी डिपस्टिकच्या पाइपाला जोडली तर चालेल ना? सगळ्यात सोपी जागा तीच वाटते.


टॉर्कपाना

बावळट अजिबात नाही, उलट इथेच बरेच जण फसतात. काही इंजिनांत डिपस्टिकची नळी खाली तेलात बुडेपर्यंत जाते, तिथे जोडलं तर नळीत तेल चढतं आणि आकडा खोटा येतो. ऑइल भरायच्या झाकणावर जोडावं. जुनं एखादं झाकण मिळवून त्याला भोक पाडून नोझल बसवायचं, आपलं चांगलं झाकण खराब करायचं नाही.


डिझेलवेडा

माझा अनुभव लिहितो, धागाकर्त्याच्या गाडीला लागू नाही पण कोणी डिझेलवाला वाचत असेल तर त्याचं इंजिन वाचेल.

माझं टर्बो डिझेल बांधलं आणि असाच प्रकार, ब्रीदरमधून भसाभस वाफ. मी घाबरून परत उघडलं. रिंगा आरशासारख्या, बोअर चांगलं, काहीच सापडलं नाही. परत बांधलं, परत तेच. शेवटी एका जाणत्या माणसानं विचारलं ब्रेकचा पेडल कडक लागतोय का. लागत होता, मी लक्ष दिलं नव्हतं. डिझेलला मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम नसतो, म्हणून ब्रेकच्या बूस्टरसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप असतो, माझ्या इंजिनला तो कॅमशाफ्टच्या टोकाला आहे आणि तो ओढलेली हवा इंजिनातच सोडतो. बूस्टरचा पडदा फाटलेला. पंप बाहेरची हवा सतत ओढून क्रँककेसमध्ये भरत होता. गाडी उभी असताना बूस्टरची नळी काढून टोक बंद केलं आणि ब्रीदर लगेच शांत झाला. दोनदा इंजिन उघडलं त्या दिवसांचं आजही वाईट वाटतं. आणि ही चाचणी उभ्या गाडीवरच करायची, बूस्टर काढून गाडी हलवायची नाही, पेडल फार कडक होतो आणि ब्रेक नीट लागत नाहीत.

टर्बोवाल्यांनी टर्बोच्या ऑइल परतीच्या नळीकडेही बघा. टर्बोचं सील गेलं की एक्झॉस्ट किंवा बूस्टची हवा त्याच नळीतून चेंबरमध्ये (इंजिनखालच्या तेलाच्या भांड्यात) येते आणि नाव रिंगांचं होतं.


हातचं_काम

डिझेलवेडा, वाचून काटा आला. धन्यवाद लिहिल्याबद्दल.

काल पाण्याची नळी करून मोजलं. झाकणावर जोडली. इंजिन गरम. आयडलला ९० मिमी प्रेशर, व्हॅक्यूम नाही, प्रेशर. तीन हजारला, उभ्या गाडीत, ३०० च्या वर जाऊन पाणी नळीतून बाहेर यायला लागलं म्हणून सोडून दिलं. हे वाईटच ना?


टॉर्कपाना

वाईट आहे, पण मला आता जास्त खात्री वाटतेय की वाट बंद आहे. आयडलला पीसीव्ही जोरात खेचतोय म्हणता, मग आत निदान थोडा तरी व्हॅक्यूम दिसायला हवा होता, तुमच्याकडे ९० मिमी उलट दिशेला. तो खेचतोय ते कुठून खेचतोय?

पुढची चाचणी पिशवीची. पीसीव्हीची नळी मॅनिफोल्डकडून काढून दोन्ही टोकं बंद करा म्हणजे सगळा गॅस एकाच वाटेनं येईल. ब्रीदर पाइप एअर फिल्टरकडून काढा, त्या टोकाला पातळ प्लास्टिकची पिशवी रबरबँडनं बांधा, झाकण घट्ट लावून आयडलला पिशवी भरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर बघा. मग पिशवी तिथून काढून ब्रीदरचं टोक बंद करा आणि झाकणाच्या जागी तीच पिशवी बांधून परत बघा. दोन्ही ठिकाणी सारखा वेळ लागायला हवा, गॅस एकच आहे. फॅनपासून पिशवी लांब ठेवा आणि जवळ ज्योत, सिगारेट काहीही नको, हा गॅस म्हणजे बराचसा न जळलेलं पेट्रोल आणि हवा आहे.


सहावा_गिअर

एवढं करण्यापेक्षा ब्रीदर पाइप खाली मोकळा सोडून द्या ना, किंवा टॅपेट कव्हरला दुसरं भोक पाडून मोठी नळी काढा. रेसच्या गाड्यांत तेच करतात. प्रेशर गेलं की झालं.


जुना_बोअर

नका करू असं. रेसचं इंजिन दर थोड्या तासांनी उघडतं, त्याचं तेल सतत बदलतं. रोजच्या गाडीत पीसीव्ही नुसतं प्रेशर काढत नाही, आतली पाण्याची वाफ आणि पेट्रोलची वाफही ओढून नेतो, ती ओढली नाही की तेलाचा चिखल होतो आणि बेअरिंगं खातो. वर तो गॅस मोकळा सोडला की आपल्या आणि मागच्यांच्या नाकात. आणि कारण तसंच आत राहतं.


हातचं_काम

मंडळी, पिशवीची चाचणी केली, हात थरथरत होते लिहिताना.

पिशवी साधारण पाच लिटरची. ऑइल झाकणावर: वीस सेकंदांत टम्म. ब्रीदर पाइपवर: दोन मिनिटं उभा राहिलो, पिशवी जेमतेम हलली. त्याच वेळी डिपस्टिकच्या कडेनं तेल फुसफुसत होतं.

म्हणजे गॅस आहे पण ब्रीदरकडे येतच नाही!! नळीत तार घालून बघितली, नळी आरपार मोकळी.


टॉर्कपाना

सापडलं बहुतेक. नळी मोकळी आहे तर टॅपेट कव्हरच्या आत बघा. ब्रीदरचं आणि पीसीव्हीचं नोझल थेट कॅमवर उघडत नाही, मध्ये बॅफल असतं, पत्र्याचा कप्पा, म्हणजे उडणारं तेल सरळ नळीत जाऊ नये. तुम्ही कव्हर धुताना बॅफलचा पत्रा काढला होता का?


हातचं_काम

हो. स्क्रू काढून पत्रे काढले, आतली काजळी घासून काढली, परत बसवले. मूळ कंपनीनं तिथे सीलंट लावलेलं होतं म्हणून मीही सिलिकॉन लावलं.

थांबा. कव्हर काढायला जातो.


नवशिकी

श्वास रोखून वाचतेय. लवकर लिहा.


हातचं_काम

कव्हर खाली उतरवून उलटं करून टेबलावर ठेवलंय आणि समोर बसून लिहितोय.

ब्रीदरच्या बाजूच्या कप्प्यात गॅस आत यायला दोन भोकं आहेत, साधारण करंगळीएवढी, पत्रा आणि कव्हर यांच्या कडेला. दोन्हीत सिलिकॉन. पत्रा दाबून स्क्रू आवळले तेव्हा जाड लावलेला सगळा थर आत सरकला, भोकात जाऊन तिथेच सुकला, वरून गुळगुळीत, बूच बसवल्यासारखा. पीसीव्हीच्या बाजूला भोक एकच, त्यात सिलिकॉनची जीभ आलीये आणि कडेला टाचणीच्या डोक्याएवढी फट राहिलीये. म्हणजे पीसीव्ही माझ्या बोटाला खेचत होता तो खुल्या हवेतून, आणि रबरात बसवला की त्या टाचणीच्या फटीतून. बाहेरून सगळं नवं, सगळं स्वच्छ दिसत होतं.

रिंगांना उगाच दोष देत बसलो होतो. पुढचा रविवार इंजिन उतरवण्यात गेला असता, आणि परत बांधताना कव्हर आहे तसंच वर चढलं असतं, म्हणजे त्रास तसाच राहिला असता. हे कळल्यावर काही वेळ नुसता बसून होतो. टॉर्कपाना, काका, तुमचे आभार कसे मानू.


जुना_बोअर

आभार नंतर. एक काम आहे ते आधी. जेवढं सिलिकॉन भोकात दिसतंय तेवढंच आत सरकलं असं नाही, काही तुकडे सुटून तेलात पडले असणार. ते तेलाबरोबर खाली येतात आणि ऑइल पंपाच्या जाळीवर बसतात. जाळी बुजली की ऑइल प्रेशर जातं, आणि मग खरोखरच इंजिन उघडावं लागतं. चेंबर खोला, जाळी बघा. हे टाळू नका.

बॅफल परत लावताना सीलंट फार तर आगपेटीच्या काडीच्या जाडीची एक रेघ, स्क्रूच्या भोकांच्या आतून नाही, बाहेरच्या कडेनं. लावून स्क्रू हळू आवळायचे, आत काय सरकलं ते नोझलमधून टॉर्च मारून बघायचं. बऱ्याच कव्हरांना सीलंट लागतही नाही.


हातचं_काम

काका, चेंबर काढला. जाळीवर तीन तुकडे. त्यातला एक चांगला बोटाच्या पेरभर लांब, गांडुळासारखा, जाळीला चिकटून आडवा बसलेला. जाळीचा पाव भाग झाकलेला होता. तुम्ही सांगितलं नसतं तर मी चेंबर नसता काढला, खरंच.

सगळं धुतलं, पत्रे बारीक रेघ मारून बसवले, दोन्ही बाजूंनी तोंडानं फुंकून बघितलं, मोकळे. तेल आणि फिल्टर नवे. पाण्याची नळी लावली: आयडलला उणे २५ मिमी, म्हणजे आत व्हॅक्यूम. झाकणाच्या जागी कागद ठेवला तर चिकटून बसतो. तीन हजारला उभ्या गाडीत उणे १० च्या आसपास.

मग नळी डॅशबोर्डपर्यंत लांब केली, मित्राला शेजारी बसवून आकडा बघायला सांगितला आणि चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण दाबून चालवली. तिथे मात्र ४० मिमी प्रेशर दिसतं. आधीच्या मानानं काहीच नाही, डिपस्टिक जागची हलत नाही, पण हे असंच असतं का?


टॉर्कपाना

पूर्ण लोडवर थोडं प्रेशर दिसणं साहजिक आहे, पण नवीन रिंगांच्या मानानं ते जरा जास्त वाटतं, आणि पिशवी वीस सेकंदांत भरली होती म्हणजे गॅसही थोडा जास्त आहेच. आता लीकडाउन (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजायची चाचणी) करा. कॉम्प्रेशनवर फार विसंबू नका, भिंतीवर तेल असलं की आकडे चांगले दाखवतात. इंजिन गरम, सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपला, १०० पीएसआय हवा आत, किती गळते ते दुसऱ्या मीटरवर. पिस्टन अचूक टॉपला नसेल तर हवा क्रँक फिरवते, फॅन-बेल्टजवळ हात नको. हवा कुठून येते ते कान लावून ऐका, ऑइल झाकणातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड पॅकिंग.


हातचं_काम

एक: ७ टक्के. दोन: ८. तीन: २२. चार: ९. तीन नंबरची हवा ऑइल झाकणातून येतेय, व्हॉल्व्हकडून काही नाही.

तीन नंबर म्हणजे रात्री बसवलेला पिस्टन. उघडू का?


जुना_बोअर

अजून नाही. तुम्ही ३५० किमी कसे चालवलेत ते सांगा. हळू, जपून, फारसा लोड न देता?


हातचं_काम

हो. नवीन इंजिन म्हणून अगदी जपून. आणि सुरुवातीला गळती शोधताना बराच वेळ आयडलला चालू ठेवलं होतं. तेल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, सिंथेटिक नाही.


जुना_बोअर

हेच. लोकांना वाटतं नव्या इंजिनला जपायचं म्हणजे हळू चालवायचं. रिंग भिंतीला चिकटते ती स्वतःच्या स्प्रिंगनं फार थोडी, खरा दाब जळणाऱ्या गॅसचा, तो रिंगेच्या मागे शिरून तिला भिंतीवर रेटतो. इंजिनावर लोडच नाही तर रेटा नाही. होनिंगच्या एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघांची टोकं रिंगेनं घासून सपाट व्हायला हवीत, ती पहिल्या थोड्या तासांतच होतात. लोड न देता नुसतं फिरवत राहिलं की तेल भाजून भिंतीवर काच चढल्यासारखा थर बसतो आणि मग रिंग बसतच नाही, तो थर काढायला परत होनिंग करावं लागतं.

तुमचे ३५० च झालेत, एक-दोन-चार नंबर चांगले बसलेत, म्हणजे होनिंग ठीक आहे. मोकळा रस्ता बघा, इंजिन पूर्ण गरम करा, चौथ्या गिअरला ४० वरून ८० पर्यंत दमदार ऍक्सिलरेटर द्या, मग पाय पूर्ण काढून गिअरमध्येच ४० पर्यंत येऊ द्या. ओढताना रिंगा दाबल्या जातात, सोडताना व्हॅक्यूमनं भिंतीवरचं तेल वर येऊन घासलेला भुगा धुतला जातो. दहा-बारा वेळा. मग मध्ये थोडं साधं चालवून परत. लाल रेषेला नेऊ नका, आणि आयडलला उभी ठेवू नका. पाचशे किमीनं परत लीकडाउन. तीन नंबर कमी झाला तर बसतोय. २२ चा २२ च राहिला किंवा वाढला तर मग त्या एका पिस्टनसाठी उघडा, बहुतेक रिंग चढवताना तुटलेली निघेल.


नवशिकी

काका हे सोनं आहे. मी पण पुढच्या महिन्यात माझं इंजिन बांधायला घेतेय, सगळं वहीत उतरवलं. रिंगा बसवताना तुटते ती कशी कळते?


जुना_बोअर

रिंग कम्प्रेसर ब्लॉकला सपाट टेकलेला नसला की एक कड बाहेर निसटते आणि पिस्टन अडतो. हातोडीच्या दांड्यानं हलके टोले देत खाली ढकलताना एकदम कडक लागलं की थांबायचं, पिस्टन काढून बघायचं. त्या वेळी आणखी एक टोला मारला की रिंग गेली, आणि आवाज फारसा येत नाही. दर पिस्टन बसल्यावर क्रँक हातानं फिरवून बघायची, जड लागली तर तिथेच कारण शोधायचं. आणि बाई, रात्री थकल्यावर पिस्टन बसवू नका.


डिझेलवेडा

धागाकर्ते, पाचशे किमी झाले की आकडे नक्की टाका. अर्धवट सोडलेले धागे वाचून फार त्रास होतो.


हातचं_काम

मंडळी, उशीर झाला, पण आकडे घेऊनच आलोय.

काकांनी सांगितलं तसं चालवलं. पहिल्या दिवशी घाबरत घाबरत, मग सवय झाली. आज इंजिनचे एकूण ९८० किमी. लीकडाउन गरम: एक ६, दोन ७, तीन ११, चार ७ टक्के. पिशवी ऑइल झाकणावर आता पस्तीस सेकंद घेते. चढावर पूर्ण दाबून पाण्याची नळी ५ ते १० मिमीच्या मध्ये राहते, मित्रानं दोनदा बघितलं. फ्लायव्हीलकडचं सील कोरडं आहे, तेच दुसरं टाकलेलं, परत बदललं नाही. टॅपेट कव्हरची कड पुसून ठेवली होती, आजही कोरडी.

तीन नंबर इतरांपेक्षा अजून थोडा मागे आहे, त्याला दोन हजार किमीला परत मोजणार.

आज तेल बदललं. फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून उन्हात बघितला. थोडा चमचमणारा भुगा, जो रिंगा बसताना येणारच, आणि एका घडीत सिलिकॉनचा तांदळाच्या दाण्याएवढा एकच तुकडा. चेंबर परत काढून जाळी बघितली, स्वच्छ आहे.